धोंडो : नावातला दगड

अर्थ : धोंडा म्हणजे दगड. त्यावरून धोंडो, धोंडू, धोंडिबा; मुलीसाठी धोंडूबाई. दगडू त्याच पठडीतला.

कारण : आधीची मुलं दगावली, की पुढच्याला मुद्दाम ओबडधोबड नाव. दृष्ट लागू नये, दगडासारखं टिकावं. भिकू, केरू ही नावंही याच धास्तीतून.

ठळक धोंडो
- दुसरे नानासाहेब पेशवे : मूळ नाव धोंडोपंत. १८२७मध्ये दुसऱ्या बाजीरावांना दत्तक.
- महर्षी धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) : १९१६मध्ये महिला विद्यापीठ, १९५८मध्ये भारतरत्न. वय १०४, नाव अक्षरशः लागू पडलं!

आद्याक्षर : ‘समाजस्वास्थ्य’कार र. धों. कर्वे, म्हणजे रघुनाथ धोंडो. आता पाळण्यात हे नाव क्वचितच. आजोबा-पणजोबांच्या नावातला ‘धों.’ तेवढा उरला.

गल्लत नको : ‘धोंड्याचा महिना’ म्हणजे अधिक मास. साधारण ३२-३३ महिन्यांनी येतो. जावयाला पुरणाचे धोंडे वाढतात.