मणी ओवून विणलेली संगणकाची स्मृती

संगणकाची स्मृती हाताने विणता येते, असे सांगितल्यास आज कोणालाही ती थट्टा वाटेल. परंतु १९५० च्या दशकाच्या मध्यापासून सुमारे वीस वर्षे जगातील बहुतेक मोठ्या संगणकांची स्मृती तारांत मणी ओवूनच तयार होत असे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत उभारलेला 'टिफरॅक' हा संगणकही याच 'कोअर मेमरी'वर चालला. तो १९६० मध्ये कार्यान्वित झाला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण केले. त्याच्या स्मृतीत ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. एका बिटाला एक मणी, म्हणजे ८१,९२० मणी! आजच्या हिशेबाने ही साठवण अवघी दहा किलोबाइट. मोबाइलवर काढलेले एखादे छायाचित्रही तीत मावणार नाही.

हे मणी म्हणजे फेराइटच्या जेमतेम एक-दोन मिलिमीटरच्या कड्या. कडीचे चुंबकत्व एका दिशेने फिरते तेव्हा 'शून्य', उलट दिशेने फिरते तेव्हा 'एक'. बाजेच्या सुंभाप्रमाणे उभ्या-आडव्या तारा ताणतात आणि प्रत्येक छेदबिंदूवर एक कडी बसवतात. दिशा पालटण्यास लागणाऱ्या प्रवाहाचा निम्मा भाग उभ्या तारेतून आणि निम्मा आडव्या तारेतून सोडला, की नेमकी त्या दोन तारांच्या छेदावरची कडीच पालटते. बाकीच्यांना अर्धाच धक्का बसतो, त्या जागच्या हलत नाहीत. सगळी युक्ती एवढीच आहे आणि ती फार सुंदर आहे.

वाचन मात्र विचित्र. कडीत 'शून्य' लिहून पाहायचे. ती पालटली तर सर्व कड्यांतून गेलेल्या तिसऱ्या तारेत क्षीण स्पंद उमटतो, म्हणजे तेथे 'एक' होता. वाचताच मजकूर पुसला जातो, म्हणून तो लगेच पुन्हा लिहावा लागतो.

चिप स्वस्त झाल्या आणि १९७० च्या दशकात ही विणकामाची विद्या मागे पडली. आता हौशी मंडळी ती घरच्या टेबलावर पुन्हा करून पाहतात. सोळा कड्यांची चार बाय चारची चौकट एका रविवारी विणून होते. तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मिळते. कड्या मात्र जुन्या संगणकांच्या सुट्या भागांतूनच मिळवाव्या लागतात. बाजारातले साधे फेराइट मणी चालत नाहीत, कारण अर्ध्या प्रवाहालाही ते थोडे थोडे पालटत राहतात. कडीच्या धारेने तारेचे एनॅमल खरवडले गेले, तर सारे विणकाम उसवावे लागते. तरीही विणणे हा सोपा भाग म्हणायचा. प्रवाह जुळवणे खरे कठीण.

येथे वऱ्हाडचे ऊन आडवे येते. फेराइट तापले, की कमी प्रवाहातही पालटते. धारणीतील एखाद्या विद्यार्थ्याने जानेवारीच्या थंडीत प्रवाह नीट बसवला, तरी मेच्या उन्हात पारा पंचेचाळिशीकडे सरकू लागला, की अर्ध्या धक्क्यानेच शेजारच्या कड्या उलटू लागतील आणि बिट चुकतील. म्हणून तापमानाप्रमाणे प्रवाह कमी-जास्त करणारे मंडल जोडावे लागते. काही जुन्या मोठ्या संगणकांत तर तापमान स्थिर राहावे म्हणून कड्यांची चौकटच तेलात बुडवून ठेवत.

मेळघाटात नेहमीचीच असलेली वीज जाण्याची अडचण मात्र या स्मृतीला फारशी बाधत नाही. चुंबकत्वाला विजेचा आधार लागत नाही. आज लिहिलेले सोळा बिट प्रवाह बंद करून महिन्याने वाचले तरी तसेच सापडतात. धोका असतो तो वाचन आणि पुनर्लेखन यांच्यामधल्या काही मायक्रोसेकंदांचा. नेमकी त्याच क्षणी वीज गेली, तर तेवढा बिट हरवतो. त्यासाठी पुरवठ्यावर एक मोठा कपॅसिटर बसवला, की अर्धवट राहिलेले लेखन पुरे करण्याइतका वेळ मिळतो.