आभाळातल्या पाण्याचा वजनकाटा



ढग दाटून येतात, उकाड्याने जीव नकोसा होतो आणि पाऊस मात्र हुलकावणी देतो. अशा वेळी उसाला पाण्याची पाळी द्यावी की थांबावे, युरियाचा हप्ता आज टाकावा की दोन दिवसांनी, हा पेच आपल्यापैकी प्रत्येकाला पडतो. डोक्यावरच्या हवेत पाणी आहे तरी किती, हे कळले तर? ते मोजण्याची एक नामी रीत आज जगभर वापरात आहे. मोबाईलवर रस्ता दाखवणारे जीपीएसचे उपग्रह आपण ऐकून आहोत. त्यांच्याच संदेशांवरून हे पाणी मोजतात. ते कसे, ते पाहू.

संदेशाला उशीर का होतो?

हे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात आणि सतत रेडिओ संदेश पाठवतात. संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो. उपग्रह डोक्यावर असला तर संदेश खाली पोचायला सेकंदाचा पंधरावा भाग पुरतो. पण पोकळीतून आलेली लहर हवेत शिरली की किंचित मंदावते. त्यामुळे उपग्रह आहे त्यापेक्षा सुमारे अडीच मीटर लांब भासतो. वेळेत सांगायचे तर सेकंदाचे शंभर कोटी भाग करा, त्यातले आठ-नऊ भाग एवढाच हा उशीर. पण आजची यंत्रे तोही पकडतात.

या उशिरात मोठा वाटा कोरड्या हवेचा, समुद्रसपाटीला सुमारे २.३ मीटरचा. उरलेला वाटा बाष्पाचा. थंड, कोरड्या मुलखात तो जवळजवळ शून्य असतो, तर दमट, उष्ण मुलखात ४० सेंटिमीटरपर्यंत जातो.

भरलेली गाडी, रिकामी गाडी

आपल्या काट्यावर भरलेल्या गाडीचे वजन होते, ऊस उतरल्यावर रिकाम्या गाडीचे होते, आणि वजाबाकी म्हणजे उसाचे वजन. इथेही तोच हिशेब. एकूण उशीर ही भरलेली गाडी, कोरडी हवा ही रिकामी गाडी. रिकाम्या गाडीचे वजन हवेच्या दाबावरून काढतात. फरक एवढाच, की इथे गाडी मालापेक्षा कितीतरी जड आहे. म्हणून दाबमापक चोख लागतो. तो चुकला की माप गेलेच म्हणा.

आणखी एक वजावट आहे. फार उंचावर विजेने भारलेला थर असतो, तोही संदेश अडवतो. त्यासाठी उपग्रह दोन वेगवेगळ्या लहरींवर संदेश पाठवतो. दोन्हींच्या उशिरातला फरक पाहून त्या थराचा वाटा आधीच काढून टाकतात.

शेवटी जो उशीर उरतो त्याला साधारण साडेसहाने भागायचे. समजा २६ सेंटिमीटर, म्हणजे २६० मिलिमीटर उशीर उरला, तर वर ४० मिलिमीटर पाणी वाफेच्या रूपात आहे. एका एकरावर ते सुमारे १ लाख ६२ हजार लिटर होते!

खोट होती, तीच कामाला आली

जमिनीची अचूक मोजणी करणारे शास्त्रज्ञ या उशिराला खोट समजत आणि हिशेबातून काढून टाकत. १९९२ साली अमेरिकेत मायकेल बेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निबंध लिहून दाखवले, की त्यांची खोट ही हवामानवाल्यांची मोजणी आहे. जपानने भूकंपापायी जमीन किती सरकते हे पाहण्यासाठी देशभर सुमारे १,३०० केंद्रे उभारली. तीच केंद्रे आज बाष्पही मोजतात, आणि २००९ पासून तिथले हवामान खाते हे आकडे आपल्या अंदाजात धरते. भारतीय हवामान खात्यानेही आपल्या देशात अशा २५ केंद्रांचे जाळे उभारले आहे.

पूर्वीपासूनची रीत म्हणजे यंत्र बांधून फुगा सोडायची. तो साधारण पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच अशा दोन वेळांना सोडतात. मधल्या बारा तासांत आभाळ पालटले तर? उपग्रहाचा संदेश मात्र रात्रंदिवस, ढगातून आणि पावसातूनही येतोच. मात्र त्यासाठी एका जागी पक्के बसवलेले अचूक यंत्र लागते. खिशातल्या मोबाईलचे ते काम नव्हे.

वाफ म्हणजे पाऊस नव्हे

आता मुद्द्याचे. हा काटा वाफेचा साठा सांगतो, पावसाची हमी देत नाही. हवा वर चढून थंड झाली तरच पाणी सुटते. समुद्रावरून आलेली हवा घाटमाथ्यावर चढते तेव्हा धो धो कोसळते. तीच पुढे माण-खटावकडे उतरते तेव्हा नुसते ढग दाखवते.

उलटही घडते. डोक्यावर ५० मिलिमीटर पाणी असताना दिवसात २०० मिलिमीटर पाऊस पडू शकतो. केनयार्डात उभ्या असलेल्या उसापेक्षा दिवसाचे गाळप जास्त होते, कारण मागून गाड्या येतच राहतात. तसाच वारा नवी वाफ आणत राहतो. म्हणून एका आकड्याला अर्थ कमी. साठा वाढतो आहे की घटतो आहे, आणि वारा कुठून आहे, हे सगळे मिळून अंदाज बनतो.

तेव्हा नुसत्या उकाड्यावर किंवा काळ्या ढगावर भरवसा ठेवून खताचा हप्ता टाकू नका आणि पाण्याची पाळीही चुकवू नका. हवामान खात्याचा अंदाज रोज बघा, तो बदलला तर आपला बेतही बदला. आणि शेतावर एक साधे पर्जन्यमापक बसवून रोज सकाळी नोंद ठेवा. आभाळातला साठा उपग्रह सांगतील. आपल्या सरीत किती उतरले, हे मोजायचे काम आपलेच आहे.