वालधुनी काळी कोण करते?

अंबरनाथच्या शके ९८२ मधल्या, म्हणजे इसवी सन १०६० च्या शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी पुढे उल्हासनगर ओलांडून कल्याणच्या खाडीला मिळते. उन्हाळ्यात तिच्या काठाने जाताना माणसे नाकाला रुमाल लावतात आणि हळहळून म्हणतात, 'नदी मेली.' ही हळहळ खरी आहे, पण जीवशास्त्राला हे विधान मान्य होणार नाही. पाण्याचा काळेपणा आणि कुजक्या अंड्यांसारखा वास ही बहुतांशी तिथल्या जिवंत पेशींची करणी आहे. सातवीच्या विज्ञानात 'पेशीरचना आणि सूक्ष्मजीव' हा धडा शिकणाऱ्या इथल्या मुलांना याहून जवळचे उदाहरण सापडणार नाही. मोठ्यांनीही ते नीट समजून घ्यायला हवे, कारण नदीवर कोणता उपाय करायचा हे त्यावरच ठरते.

पेशी म्हटले की केंद्रक आणि तंतुकणिका असलेली आकृती डोळ्यांपुढे येते. जीवाणूच्या पेशीत ही दोन्ही नसतात. बाहेर भित्तिका, तिच्या आत प्रद्रव्यपटल, पेशीद्रव्य आणि त्यात मोकळाच असलेला डीएनए, एवढाच तिचा संसार. लांबी साधारण एक-दोन मायक्रोमीटर. आपल्या पेशी श्वसनाचा शेवटचा टप्पा तंतुकणिकेत पार पाडतात, जीवाणू तेच काम प्रद्रव्यपटलावर करतो. अन्नाचे विघटन करताना सुटलेले इलेक्ट्रॉन अखेर कोणाच्या तरी हवाली करावे लागतात, आणि ऑक्सिजनला दिले तर सर्वांत जास्त ऊर्जा मिळते. आता हिशेब पाहा. एक ग्रॅम ग्लुकोजचे पूर्ण विघटन व्हायला एक ग्रॅमहून थोडा जास्तच ऑक्सिजन लागतो, आणि ३० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात तो लिटरमागे फार तर साडेसात मिलिग्रॅम मावतो. म्हणजे एका ग्रॅमपायी सुमारे १४० लिटर पाण्यातला ऑक्सिजन संपतो! सांडपाण्यातून मैला, उरलेसुरले अन्न आणि साबण नदीत येत राहतात. हवेतला ऑक्सिजन मात्र संथ पाण्यात फारच सावकाश उतरतो.

ऑक्सिजन संपला की मासे मरतात, पण जीवाणूंचे दुसरे कुळ कामाला लागते. त्यांच्यातले काही इलेक्ट्रॉन सल्फेटला देतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. असा जीवाणू मार्टिनस बायरिंक यांनी डेल्फ्ट इथे १८९५ मध्ये ओळखला. वालधुनीत सल्फेटला तोटा नाही. कपडे धुण्याच्या पावडरीतून आणि रंगाईच्या पाण्यातून ते येते, भरतीचे खारे पाणी खाडीकडच्या भागात त्यात भर घालते. सह्याद्रीच्या बेसॉल्टमधले लोह तर गाळात मुबलक आहे. सल्फाइड आणि लोह एकत्र आले की काळे लोह सल्फाइड तयार होते. तोच हा नदीचा रंग.

यावर कोणी म्हणेल, जवळच अंबरनाथची औद्योगिक वसाहत आणि जीन्सची धुलाई असताना जीवाणूंना कशाला दोष द्यायचा? कारखान्यांची जबाबदारी इथे जराही कमी होत नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनीत टँकरमधून रसायने ओतली गेली तेव्हा उल्हासनगरातल्या शेकडो लोकांना वायूची बाधा झाली, ते माणसांचेच कृत्य होते. पण रंगाईचा रंग आणि सल्फाइडचा काळेपणा वेगळे ओळखता येतात. असा काळा गाळ उघड्यावर पसरून ठेवला की वरचा थर तपकिरी पडत जातो, कारण हवा लागून लोह सल्फाइडचे गंजासारखे संयुग बनते. कापडाचा रंग अशा रीतीने तपकिरी होत नाही. शिवाय पावसाळ्यात नदी खळाळू लागली, पाण्यात हवा मिसळली आणि साचलेला गाळ वाहून गेला, की काळेपणा ओसरतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सूक्ष्मजीव म्हणजे रोग, मग त्यांची तरफदारी कशासाठी? मैलापाण्यात पटकी आणि विषमज्वराचे जीवाणू असू शकतात, म्हणून मुलांनी या पाण्यात हात घालू नये, हे निक्षून सांगायला हवे. तरी पाण्यातले बहुसंख्य जीवाणू रोगकारक नसतात आणि घाण विघटित करणारे तेच आहेत. मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी १९१४ मध्ये सांडपाण्यात हवा सोडत तळाचा जिवंत गाळ पुन्हा पुन्हा वापरला. आजची कितीतरी सांडपाणी प्रक्रिया केंद्रे याच सक्रिय गाळाच्या पद्धतीने चालतात. त्या गाळात घंटेच्या आकाराचे व्हर्टिसेला हे आदिजीव दिसले की जाणकाराला काम ठीक चालल्याचे कळते. ते सुटे जीवाणू खातात आणि पाणी नितळ करतात.

मग बाटलीतले जीवाणू नदीत ओतले तर? हा मार्ग सोपा वाटतो, पण मला तो व्यर्थ वाटतो. वालधुनीत जीवाणूंची उणीव नाही, उणीव ऑक्सिजनची आहे. जड धातूंनी त्यांची विकरे निकामी केली, तर नवे जीवाणूही तिथे टिकणार नाहीत. मैलापाणी केंद्रात वळवून तिथल्या पेशींना भरपूर हवा द्यायची आणि कारखान्यांचे विषारी पाणी आधी वेगळे काढायचे, हाच खरा उपाय आहे.

उल्हासनगर महापालिकेने आणि अंबरनाथ-बदलापूरच्या नगरपरिषदांनी एक काम लगेच करावे. वालधुनीच्या आणि उल्हास नदीच्या पुलांवर फलक लावून विद्राव्य ऑक्सिजनचा आकडा दर आठवड्याला ठळकपणे लिहावा. मासे जगण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅमचा आहे, तोही शेजारी असावा. शाळेत जाणारी मुले तो रोज वाचतील.