घरातील कॅमेऱ्याची किल्ली कोणाच्या हाती?

वृद्ध आईवडिलांच्या काळजीपोटी परदेशी राहणारी मुले घरात इंटरनेटवर चालणारा कॅमेरा बसवून देतात. हेतू स्तुत्यच आहे. परंतु कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवणे म्हणजे दाराला कुलूप लावून किल्ली बाहेरच टांगण्यासारखे होय. कारण पुष्कळदा एकाच बनावटीच्या सर्व उपकरणांना एकच पासवर्ड दिलेला असतो.

२०१६ साली 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रॅमने याच निष्काळजीपणाचा लाभ उठवला. सर्वपरिचित अशा साठेक पासवर्डांची यादी चालवून त्याने जगभरातील लाखो कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा उपकरणांनी संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या 'डिन' या अमेरिकन कंपनीवर मागण्यांचा भडिमार केला. परिणामी ट्विटर, नेटफ्लिक्स आदी सेवा अनेकांना काही तास मिळेनाशा झाल्या. आपला कॅमेरा या हल्ल्यात सामील आहे, याची बहुतेक मालकांना कल्पनाही नव्हती. अशा उपकरणांच्या विक्रीस ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून कायद्याने बंदी घातली.

आपण काय करावे? कॅमेरा व राउटर या दोहोंचे पासवर्ड बदलावेत; ते लांब व परस्परांहून भिन्न असावेत. लक्षात राहत नसल्यास वहीत लिहून ती कपाटात ठेवावी. उपकरण बंद करून पुन्हा सुरू केल्यास मिराई पुसला जातो. मात्र पासवर्ड जुनाच राहिला तर तो पुन्हा शिरतो. कंपनीने पाठविलेल्या सुधारणा वेळच्या वेळी स्वीकाराव्यात. शयनगृहात कॅमेरा नसावाच.

मुले सुटीत घरी आली की हे काम त्यांच्याकडून अगत्याने करवून घ्यावे.