जखमेत किडे पडले? ते पाप नाही, माशीचं काम आहे

मैत्रिणींनो,

गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला की घरच्या दुखण्यांच्या गोष्टी निघतातच. पण "सासूच्या पायात किडे पडले" असं कोणी मोठ्यानं सांगत नाही. "किडे पडतील" ही आपल्याकडची शिवी आहे ना! म्हणून ज्या घरात खरंच पडतात ते घर गप्प बसतं, आणि जखम खोल जाते. म्हणून या अंकात मांसमाशीबद्दल थोडं समजून घेऊ.

ओळखायची कशी? सक्करदऱ्याच्या बुधवारी बाजारात मटण-मासळीच्या दुकानांपाशी नीट पाहा. घरमाशीपेक्षा मोठी, करड्या रंगाची, डोळे लाल, पाठीवर तीन काळे पट्टे आणि पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन, ती मांसमाशी.

घरमाशी अंडी घालते. मांसमाशीची अंडी पोटातच उबतात, आणि ती थेट जिवंत अळ्या टाकते, एका वेळी साधारण २० ते ४०. अळ्या लगेच खायला लागतात. दोनदा कात टाकून काही दिवसांत मोठ्या होतात, मग मातीत शिरून तपकिरी कोष करतात. कोषातून माशी निघते. उन्हाळ्यात हे सगळं दोन-तीन आठवड्यांत होतं, थंडीत जास्त दिवस लागतात.

हाच हिशोब पोलीस तपासातही कामी येतो. मृतदेहावर माश्या लवकर येतात. अळी किती वाढली आणि त्या दिवसांत ऊन-थंडी किती होती, हे पाहून तज्ज्ञ मृत्यूला किती दिवस झाले असावेत याचा अंदाज बांधतात. चीनमध्ये १२४७ साली सोंग त्झ यांनी लिहिलेल्या पुस्तकात एका खुनाची गोष्ट आहे. गावातले सगळे विळे उन्हात ठेवले, तर माश्या एकाच विळ्यावर बसल्या. रक्त धुतलं होतं, वास राहिला होता.

जखमेत किडे फक्त हीच माशी टाकते असं नाही. हिरव्या-निळ्या चकाकणाऱ्या माश्या जखमेच्या कडेला अंडी घालतात, त्यातून दिवसभरात अळ्या निघतात. जास्त धोका कोणाला? शुगरमुळे पाय बधिर झालेल्यांना, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना, आणि गोठ्यातल्या ढोरांना. नव्या वासराची नाळ आणि बैलाच्या खांद्याची जखम रोज पाहा.

काय करायचं?

• जखम रोज धुवा, स्वच्छ पट्टीनं झाका. शुगर असेल तर रोज संध्याकाळी तळपाय पाहा.
• किडे दिसले तर फिनाईल, रॉकेल, तंबाखू टाकू नका, त्यानं मांस जळतं. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्या. आत राहिलेल्या अळ्या डॉक्टरच नीट काढू शकतात.
• जनावरासाठी १९६२ या नंबरवर फोन करा.
• मटण-मासळीवर घट्ट झाकण ठेवा. नुसती जाळी पुरत नाही, मांसमाशी जाळीच्या भोकातूनही अळ्या सोडते.
• मेलेलं कोंबडीचं पिल्लू, मासळीचा कचरा उकिरड्यावर टाकू नका, खोल पुरा.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं एवढंच सांगायचं: आपल्या घरात, शेजारी कोणाची जखम महिनाभर भरत नाहीये का? असेल तर दोघी सोबत जाऊन त्यांना दवाखान्यात नेऊ. ज्यांच्या जखमेत किडे पडले, त्यांनी कोणाचं वाईट केलेलं नसतं. जखम उघडी होती आणि माशी आली, एवढंच.

— आपली क्षेत्र समन्वयक