माळ्यावरच्या लॅपटॉपची नवी नोकरी

गूगल फोटोजवरची अमर्याद फुकट सोय १ जून २०२१ पासून बंद झाली. मेल, कागदपत्रं आणि बारशापासून सहस्रचंद्रदर्शनापर्यंतचे फोटो १५ जीबीत कोंबायचे, नाहीतर दरमहा पैसे मोजायचे, असा हिशेब घरोघरी सुरू झाला. त्याच घरात माळ्यावर एखादा जुना लॅपटॉप पडून असतो. बिजागरी सैल, बॅटरी दमलेली, विंडोज उघडेपर्यंत चहा पिऊन होतो. सर्व्हर म्हणून मात्र हे यंत्र अजून धडधाकट असतं. आठ जीबी रॅम आणि एक एसएसडी असली की चार माणसांचे फोटो, सिनेमे आणि स्कॅन केलेले कागद ते आरामात सांभाळतं.

कोणतं लिनक्स घ्यावं यावर लोक रात्ररात्र भांडतात. माझं मत विचाराल तर डेबियन घ्या. १९९३ पासून चाललेला, कुठल्याच कंपनीच्या मालकीचा नसलेला हा प्रकल्प नवलाईच्या मागे धावत नाही, आणि सर्व्हरला तेच हवं असतं. इन्स्टॉल करताना डेस्कटॉपची खूण काढायची, एसएसएच सर्व्हरची करायची, की पुढचं काम दुसऱ्या कम्प्युटरवरून करता येतं. लॅपटॉपचं झाकण मिटलं की तो झोपी जातो. लॉगइन-डीच्या सेटिंगमध्ये ‘हँडल लिड स्विच’पुढे ‘इग्नोर’ लिहिलं की झाकण लावूनही जागा राहतो. बॅटरी फुगलेली असेल तर आधी काढून टाका. धड असेल, तर तोच फुकटातला यूपीएस.

आता कंटेनर. एका मशीनवर पाच प्रोग्रॅम नांदवले की कुरबुरी ठरलेल्या. एकाला पायथॉन जुनं हवं, दुसऱ्याला नवं. तिसरा काढला की चौथा बंद पडतो. कंटेनरमध्ये प्रत्येक प्रोग्रॅम आपल्या लायब्रऱ्यांसकट वेगळा राहतो, चाळीतल्या बिऱ्हाडांसारखा. खोली ज्याची त्याची, पाया सगळ्यांचा एकच. हा पाया म्हणजे लिनक्सचं कर्नल. कुणाला काय दिसावं हे तिथली नेमस्पेस ठरवते आणि कुणी किती रॅम नि प्रोसेसर खावा हे सी-ग्रुप ठरवतो. सी-ग्रुपचं काम गूगलच्या इंजिनिअरांनी २००६ मध्ये सुरू केलं आणि जानेवारी २००८ मध्ये ते कर्नलमध्ये आलं. पण ही हत्यारं वापरणं जिकिरीचं होतं. मार्च २०१३ मध्ये सोलोमन हाइक्स यांनी अमेरिकेतल्या पायकॉन परिषदेत पाच मिनिटांत डॉकर हे साधन दाखवलं आणि तिथून ही हत्यारं सर्वांच्या हाती आली.

घरी डॉकर चालवायचं ते कंपोज फाइलमधून, म्हणजे कोणते कंटेनर कसे चालवायचे ते लिहिलेल्या फाइलमधून. फोटोंसाठी इमिच घ्या. त्याची तयार फाइल प्रकल्पाकडूनच मिळते. मुख्य सर्व्हर, चेहरे ओळखणारा भाग, पोस्टग्रेस डेटाबेस आणि कामांची रांग लावणारा एक छोटा साठा, असे चार कंटेनर तीत मांडलेले असतात. ‘डॉकर कंपोज अप’ म्हटलं की कंटेनरच्या तयार प्रती, म्हणजे इमेजेस, उतरतात, आणि थोड्या वेळाने ब्राउझरमध्ये सर्व्हरच्या पत्त्यापुढे २२८३ हा पोर्ट टाकला की पान उघडतं. फाइलमधली खरी मोलाची ओळ ‘व्हॉल्यूम्स’ची. कोलनच्या डावीकडे आपल्या डिस्कवरचा फोल्डर, उजवीकडे कंटेनरच्या आतला. ही जोडणी राहून गेली तर लिहिलेलं सगळं कंटेनरच्या पोटात जातं, आणि नवी आवृत्ती घ्यायला जुना कंटेनर काढला की त्याच्याबरोबर नाहीसं होतं. कुठलीही नवी फाइल हाती आली की मी आधी ही ओळ वाचतो, बाकीचं मग.

दुसरी मेख भल्याभल्यांना चकवते. यूएफडब्ल्यू ही फायरवॉल बसवून सगळे पोर्ट बंद केले तरी डॉकरने उघडलेला पोर्ट उघडाच राहतो. डॉकर फायरवॉलच्या मुळाशी स्वतःचे नियम घालतो आणि बाहेरून आलेली वाहतूक यूएफडब्ल्यूच्या नाक्यापाशी येण्याआधीच कंटेनरकडे वळते. पोर्टच्या आधी १२७.०.०.१ लिहिलं तर तो त्या मशीनपुरताच राहतो. व्हीपीएनचा पत्ता लिहिला तर व्हीपीएनपुरता. वापरकर्त्याला डॉकर गटात घालणं म्हणजे त्याला रूटचे अधिकार देणं, हेही ध्यानात असू द्या. ते खुपत असेल तर रूटशिवाय कंटेनर चालवणारं पॉडमन पाहा.

घराबाहेरून फोटो बघायचे तर? आयपीव्ही४ चे पत्ते जगात मिळून सुमारे ४२९ कोटी, म्हणून आपल्याकडच्या बऱ्याच जोडण्यांवर अनेक घरं एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलेली असतात. याला सीजीनॅट म्हणतात. राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला दिसला तर समजा, राउटरवर पोर्ट उघडायला शिकवणारे, पोर्ट फॉरवर्डिंगचे व्हिडिओ तुमच्या कामाचे नाहीत. मला तर ही इष्टापत्तीच वाटते. दार उघडं टाकण्यापेक्षा टेलस्केल हे व्हीपीएन बसवावं. ते वायरगार्ड या व्हीपीएन तंत्रावर बेतलेलं आहे. फोन आणि सर्व्हर दोघंही आतून बाहेर जोडले जातात आणि वाटेत एकमेकांना गाठतात.

विजेचं म्हणाल तर सरासरी १० वॉट खाणारं यंत्र वर्षभर चालू ठेवलं की सुमारे ८८ युनिट होतात. जुना डेस्कटॉप ६० वॉट घेत असेल तर सुमारे ५२६ युनिट. फुकट मिळालेला डेस्कटॉप असा महागात पडतो.

फोटोंची घडी बसली की कागदपत्रांसाठी पेपरलेस-एनजीएक्स लावून बघा. त्यात छापील अक्षरं ओळखणाऱ्या टेसरॅक्टचा मराठी भाषासंच जोडता येतो. त्यामुळे स्कॅन केलेल्या छापील सातबाऱ्यातला गट क्रमांक किंवा पावतीवरचं नाव शोधता येतं. हस्ताक्षरापुढे मात्र टेसरॅक्ट हात टेकतो.

बॅकअपसाठी फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवणं पुरत नाही. चालू डेटाबेसची नुसती नक्कल पुन्हा उघडेलच असं नाही, म्हणून आधी ‘पीजी डंप’ने त्याचा उतारा काढायचा आणि मग रेस्टिक या बॅकअपच्या प्रोग्रॅमने सगळं कूटबद्ध करून बाहेरच्या डिस्कवर टाकायचं. एक डिस्क दुसऱ्या गावी, मामाकडे किंवा बहिणीकडे असू द्या. सहा महिन्यांनी बॅकअपमधला एखादा फोल्डर परत काढून बघा.

ईमेल मात्र घरून चालवायच्या भानगडीत पडू नका. घरगुती जोडण्यांवर पोर्ट २५ बऱ्याचदा बंद असतो, आणि घरच्या पत्त्यावरून निघालेली पत्रं मोठ्या मेलसेवा सरळ स्पॅममध्ये टाकतात किंवा घेतच नाहीत.