मोबाइल : दारूचे भावंड की जुगाराचे?

एका पेटीत भुकेले कबूतर ठेवले आहे. समोरच्या भिंतीवर एक गोल चकती आहे. चकतीवर चोच मारली की खाली दाणे येतात. असे प्रयोग अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी वर्षानुवर्षे केले. चार्ल्स फर्स्टर यांच्यासह लिहिलेला त्यांचा जाडजूड ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला.

आता सांगा पाहू, हे कबूतर सर्वांत चिकाटीने चोच केव्हा मारील? दर वेळी दाणा मिळाला तर? नाही! दाणा कधी तिसऱ्या टोचणीला, कधी चाळिसाव्या, असा बेभरवशाचा मिळू लागला की ते थांबायलाच तयार नसते. दाणे अजिबात बंद केले तरी बराच वेळ टोचत राहते. ज्याला दर वेळी दाणा मिळत होता, ते मात्र लवकर नाद सोडते. जुगाराचे यंत्र याच तत्त्वावर चालते.

मोबाइलचेही असेच नाही का? उघडावा तर कधी मित्राचा निरोप, कधी गमतीचे चित्र, बहुधा काहीच नाही. हे 'कधी' फार महत्त्वाचे. मेंदूत डोपामिन नावाचे रसायन असते. ते म्हणजे आनंदाचे रसायन, असे सर्रास लिहिले जाते. ते अपुरे आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर प्रयोग केले. फळांचा रस अनपेक्षितपणे मिळाला की डोपामिनच्या पेशी जोरात कार्य करीत. पुढे रसाआधी ठरावीक खूण दाखवू लागल्यावर त्या खुणेलाच प्रतिसाद देऊ लागल्या. खूण होऊनही रस मिळाला नाही, तर त्यांचे कार्य मंदावे. मोबाइलची 'टिंग' ही अशीच खूण होय.

मग हे दारू-तंबाखूसारखेच व्यसन म्हणायचे काय? इथे जपून बोलावे. निकोटिन बाहेरून येऊन मेंदूतल्या पेशींना चिकटते. वर्षानुवर्षे भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकाएकी सोडली तर हातपाय थरथरतात, भास होतात, झटके येतात, क्वचित मृत्यूही ओढवतो. मोबाइल काढून घेतला तर चिडचिड होईल, चैन पडणार नाही. पण असे झटके येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या, १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीत जुगाराचा विकार आहे, खेळांचा म्हणजे गेमिंगचाही आहे. मोबाइलच्या व्यसनाचा नाही. गेमिंगच्या बाबतीतही ताबा सुटणे, नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, अशी लक्षणे साधारणपणे १२ महिने दिसावी लागतात. तेव्हा शिक्षकांनी वर्गातल्या मुलाला 'व्यसनी' असा शिक्का मारण्याची घाई करू नये.

दारू सोड म्हणता येते. मोबाइलवर मात्र शाळेचे वेळापत्रकही येते! पण स्किनरच्या कबुतरांनी आणखी एक गोष्ट दाखवली. दाणा ठरावीक वेळाने मिळू लागला, की तो खाल्ल्यावर कबूतर स्वस्थ बसते आणि पुढची वेळ जवळ आली की मगच टोचू लागते.

हे स्वतःवर पडताळून पाहा. तीन दिवस, मोबाइल दिवसातून किती वेळा उघडला ते वहीत मांडा. पुढचे तीन दिवस सगळ्या 'टिंग' बंद ठेवा आणि दुपारी चार व रात्री आठ, अशा दोनच वेळा निरोप पाहायचे ठरवा. अधेमधे हात गेलाच तर तोही मांडा. मग सहा दिवसांचा आलेख काढा. चौथ्या दिवशी आकडा फारसा उतरला नाही तर गोंधळू नका. कबुतरालाही नवे वेळापत्रक अंगवळणी पडायला वेळ लागतो.